बजबजचा किल्ला चुकून घेतला, त्याची नाताळगोष्ट

कोलकात्याहून हुगळीच्या डाव्या काठाने खाली गेलं की पंचवीसएक किलोमीटरवर बजबज लागतं. तेलाचे डेपो, तागाच्या गिरण्या आणि सियालदहला जाणारी लोकल, असं हे गाव. स्वामी विवेकानंद परदेशातून परतले तेव्हा १९ फेब्रुवारी १८९७ रोजी बोटीतून इथेच उतरले आणि खास गाडीने सियालदहला गेले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी कोमागाटा मारूच्या प्रवाशांवर गोळीबार झाला तोही इथेच. या दोन घटना बऱ्याच जणांना माहीत असतात. तिसरी सहसा नसते. १७५६ सालच्या नाताळच्या आठवड्यात बजबजचा किल्ला एका झिंगलेल्या खलाशाने घेतला, आणि तोही कुणी सांगितलेलं नसताना.

मुलांसाठी नाताळची विनोदी गोष्ट लिहायला बसणारा माणूस बहुधा सांताक्लॉजपासून सुरुवात करतो. त्याची दाढी निसटते, रेनडिअरला सर्दी होते, धुराड्यात पोट अडकतं. त्यात गैर काही नाही. पण अशा गोष्टीची अवजारं कशी चालतात हे पाहायचं असेल तर बजबजची हकिकत जास्त उपयोगी. घटना खरी असल्याने ती मनाला येईल तशी फिरवता येत नाही. हातात उरतं ते फक्त सांगणं. शाळेत मार्कांपुरते पाठ केलेले अलंकारही इथे जरा कामाला लावता येतात.

घडलं ते असं

जून १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौल्याने कोलकाता घेतलं. पळालेले इंग्रज नदीच्या मुखाकडे फलता इथे तळ देऊन बसले आणि तापाने मरू लागले. त्यांच्या मदतीला मद्रासहून अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची पलटण आली. हे दोघे आपल्याला अनोळखी नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत, पेशव्यांच्या संमतीने, यांनीच विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं होतं. वॉटसनचं ‘केंट’ हे मुख्य जहाज विजयदुर्गाच्या खाडीत होतं, आणि दहा महिन्यांनी बजबजसमोरही तेच होतं.

२७ डिसेंबरला आरमार फलत्याहून निघालं. वाटेत बजबजचा किल्ला. बेत असा ठरला की जहाजांनी नदीतून तोफा डागायच्या आणि क्लाइव्हने जमिनीवरून वळसा घेऊन किल्ल्याच्या मागे, कोलकात्याच्या वाटेवर दबा धरायचा. क्लाइव्हची माणसं रात्रभर दलदलीतून तोफा ओढत चालली. २९ तारखेच्या सकाळी ठरल्या जागी पोचली आणि पहारे न लावताच झोपली. तेवढ्यात नवाबाचा कोलकात्याचा सुभेदार माणिकचंद फौजेसह येऊन थडकला. चकमक झाली. एक गोळी माणिकचंदाच्या पगडीला चाटून गेली आणि तो मागे फिरला. इकडे जहाजांच्या तोफांनी किल्ल्याच्या तोफा गप्प केल्या. संध्याकाळी वरिष्ठांनी विचारविनिमय करून ठरवलं की माणसं दमली आहेत, हल्ला उद्या सकाळी.

रात्री ‘केंट’वरचा स्ट्रॅहन नावाचा एक साधा खलाशी, पोटात भरपूर ग्रॉग, एकटाच किल्ल्याकडे भरकटला. तोफांनी पाडलेल्या भगदाडातून वर चढला. बुरुजावर काही शिपाई बसले होते. त्याने तलवार फिरवली, पिस्तूल उडवलं, तीनदा जयघोष केला आणि किल्ला आपला झाल्याचं जाहीर करून टाकलं. शिपाई अंगावर धावून आले. झटापटीत त्याची तलवार मुठीपासून फूटभर अंतरावर तुटली. आरडाओरडा ऐकून आणखी दोनतीन खलाशी आले, त्यांच्यामागून सगळेच आले, आणि उरलेली शिबंदी अंधारात निसटली. किल्ला पडला.

दुसऱ्या दिवशी वॉटसनने त्याला समोर उभं केलं. शिस्तीचा प्रश्न होता. हे तू काय करून बसलास, अशी विचारणा झाली. स्ट्रॅहनने लवून सलाम केला, डोकं खाजवलं, टोपी हातावर गरगर फिरवली आणि किल्ला मीच घेतला हे खरं, पण त्यात काही वाईट झालं नसावं, असं नम्रपणे सांगितलं. शिक्षेची धमकी ऐकून बाहेर पडताना मात्र तो पुटपुटला की याबद्दल मला फटके बसणार असतील, तर जन्मात पुन्हा म्हणून एकट्याने किल्ला घेणार नाही.

ही हकिकत ‘केंट’वरचा शल्यविशारद एडवर्ड आइव्ह्ज याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली. ते पुस्तक १७७३ मध्ये लंडनला छापलं गेलं. डोकं खाजवणं आणि टोपी फिरवणं त्याने टिपून ठेवलं, यासाठी त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

नाताळात जग उलटं का होतं

२९ डिसेंबर म्हणजे नाताळ संपल्यावरचा दिवस नव्हे. जुन्या रीतीने नाताळ बारा दिवसांचा, ५ जानेवारीपर्यंत चालणारा. या बारा दिवसांत इंग्लंडात पूर्वी एक गमतीची प्रथा होती. एखाद्या नोकराला किंवा विद्यार्थ्याला गोंधळाचा राजा नेमायचं, आणि त्याने थोरामोठ्यांना हुकूम सोडायचे. त्याहून जुन्या रोमन सॅटर्नेलियात मालक गुलामांना जेवण वाढत. ब्रिटिश नौदलात पुढे नाताळच्या दिवशी जहाजावरच्या सर्वांत लहान पोराला अधिकाऱ्याचा गणवेश घालून मिरवू देण्याची चाल रूढ झाली. ख्रिस्तजन्माची मूळ गोष्ट तरी काय सांगते? राजा जन्मला तो गोठ्यात, आणि बातमी आधी कळली ती मेंढपाळांना.

नाताळच्या विनोदी गोष्टीचा पाया हाच आहे. वरचे खाली, खालचे वर. बार्बरा रॉबिन्सन यांची १९७२ सालची अमेरिकेतली गाजलेली बालकादंबरी घ्या. गावातली सर्वांत वांड भावंडं चर्चच्या नाताळनाटकात घुसतात आणि मुख्य भूमिका बळकावतात. डॉक्टर स्यूस यांचा १९५७ सालचा ग्रिंच नाताळच चोरायला निघतो, सगळं चोरतो, आणि नाताळ तरीही येतो. दोन्हीकडे ज्याने बाहेर राहायचं तोच मध्यभागी येऊन बसतो. आपल्याकडे हे काम शिमग्याकडे आहे. नाताळात आणि शिमग्यात फरक एवढाच की शिमग्याची गोष्ट मुलांना सांगताना बरंच गाळावं लागतं.

स्ट्रॅहनच्या हकिकतीत उलटापालट आयती मिळते. अ‍ॅडमिरल, कर्नल, नकाशे, बैठक, सगळं एका बाजूला. आणि उद्याचं काम आजच उरकून आलेला एक खलाशी दुसऱ्या बाजूला. सांताक्लॉज यात नसला तरी चालतो. नाताळ आहेच.

नायक कमी समजणारा हवा, बावळट नको

लहान मुलं दिवसभर ऐकत असतात की तुला कळत नाही, तू थांब, मोठे बोलताहेत. ज्याला कळत नाही असा नायक त्यांना म्हणूनच जवळचा वाटतो. पण इथे एक बारीक रेघ आहे. बावळट नायकाला मूल हसतं आणि विसरतं. कमी समजणाऱ्या नायकाबरोबर ते चालू लागतं, कारण त्याचं गणित आपल्या जागी बरोबर असतं.

स्ट्रॅहनचं गणित पाहा. किल्ला घ्यायचा आहे का? आहे. समोर भगदाड आहे का? आहे. मग उद्यापर्यंत थांबायचं कशाला? यात चूक दाखवणं मोठ्यांनाही जड जाईल. विनोदी बालकथेचा नायक हट्टी असावा, मठ्ठ नसावा. ताम्हनकरांचा गोट्या आठवा. तो आगाऊ आहे, उपद्व्यापी आहे, पण त्याचा विचार सुसंगत असतो. गोंधळ होतो तो जगाचा.

असंगती: कारण इथे, कार्य तिथे

अलंकारांच्या यादीत असंगती बहुधा तळाशी असते आणि परीक्षेत क्वचित विचारली जाते. कारण एका ठिकाणी घडतं आणि परिणाम भलत्याच ठिकाणी दिसतो, ही तिची व्याख्या. माझ्या मते विनोदी गोष्टीत याच्याइतकं भरवशाचं अवजार दुसरं नाही.

बजबजला ते आधीच तासून ठेवलेलं आहे. दलदलीतून चालले क्लाइव्हचे लोक. किल्ल्यात शिरला स्ट्रॅहन. जागरण केलं पलटणीने. जागा राहिला खलाशी. गोळी झाडली माणिकचंदावर; जखमी झाली पगडी. खल केला वरिष्ठांनी. निर्णय घेतला ग्रॉगने. इतका मेळ कल्पित गोष्टीत घातला असता तर संपादकाने खोटा म्हणून परत पाठवला असता.

हे अवजार वापरायची एक रीत आहे. आधी कारण भरपूर वाढवायचं. क्लाइव्हची रात्रीची वाटचाल मुलांना अगदी तपशिलाने सांगावी. कुणाचा बूट चिखलात राहिला, कुठे तोफेचं चाक रुतलं, कुणाच्या कानाशी डास गुणगुणला. तीन परिच्छेद खर्चले तरी चालतील. मूल समजतं की या सगळ्याचं फळ आता मिळणार. आणि फळ मिळतं, पण या झाडाला नाही. वाटचाल दोन ओळींत उरकली तर पुढचा धक्का बसत नाही. बहुतेक नवखे लेखक इथेच घाई करतात, कारण गमतीचा भाग पुढे आहे हे त्यांना माहीत असतं. मुलाला ते माहीत नसतं, आणि सगळी गंमत त्या न माहीत असण्यावर उभी आहे.

सरळ चेहऱ्याने सांगणं

विनोदी गोष्ट सांगणाऱ्याने स्वतः हसू नये, हे सगळे सांगतात. का, ते क्वचित सांगतात. निवेदक हसला की मुलाला काही करायला उरत नाही. निवेदक गंभीर राहिला की त्याच्या लक्षात न आलेली गोष्ट आपल्या लक्षात आली, असं मुलाला वाटतं. हा आनंद विनोदापेक्षाही मोठा असतो. मोठ्या माणसाच्या वर जाऊन बसल्याचा तो आनंद आहे, म्हणजे पुन्हा नाताळची उलटापालटच.

एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगून पाहू. पहिली तऱ्हा: “स्ट्रॅहन इतका झिंगला होता की त्याला काहीच कळत नव्हतं आणि तो वेड्यासारखा किल्ल्यावर चढला, मग काय धमाल उडाली!” दुसरी: “त्या रात्री बजबजच्या किल्ल्यावर मोठा हल्ला झाला. हल्ला करणाऱ्या सैन्यात एकूण एक माणूस होता. त्याने आधी आपल्या सैन्याची उजवी बाजू सावरली, मग डावी.” पहिल्या तऱ्हेत धमाल हा शब्द आहे, धमाल नाही. दुसऱ्या तऱ्हेत निवेदक लष्करी बखरीच्या सुरात बोलतो, आणि आकडा तेवढा खरा सांगतो.

या सुराला मराठीत भक्कम परंपरा आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती सरकारी अहवाल वाचून दाखवावा तशी सांगतो, आणि आपण विनोद करतो आहोत याचा त्याला पत्ता नसतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा विसराळूपणा, सोवळ्याओवळ्याचे गोंधळ, घरातली नाटकं येतात ती भांडी लावून ठेवावीत इतक्या सहज. बाई कुठेही वाचकाला कोपराने ढोसत नाहीत. नाताळची गोष्ट मराठीत लिहू पाहणाऱ्याने परदेशी नमुने चाळण्याआधी हे पुस्तक पुन्हा वाचावं.

आणि बजबजच्या शेजारी कोलकात्यातच या सुराचा एक उस्ताद होऊन गेला. सुकुमार राय. वडील उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. सुकुमारने ते पुढे चालवलं आणि त्यात लिहिलं, चित्रं काढली. १० सप्टेंबर १९२३ ला, छत्तिसाव्या वर्षाच्या आत, तो गेला, आणि त्याचा ‘आबोल ताबोल’ हा संग्रह त्यानंतर नऊ दिवसांनी बाहेर पडला. त्याच्या ‘ह य ब र ल’ मध्ये रुमालाचं मांजर होतं, वय चाळिशीला पोचलं की उलटं मोजायला घेतात, आणि पाटीवर हिशेब मांडणारा कावळा यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. भन्नाट गोष्ट हिशेबाच्या भाषेत सांगितली की ती दुप्पट भन्नाट होते. मात्र स्ट्रॅहनला असं रुमालाचं मांजर लागत नाही. त्याची खरी हकिकतच पाटीवर मांडण्यासारखी आहे.

व्याजोक्ती हा अलंकारही इथेच येतो. खरं कारण लपवून भलतंच पुढे करणं. वॉटसन रागावला तो शिस्त मोडली म्हणून, असं तो म्हणाला. आतून त्याला किल्ला फुकट मिळाला होता. स्ट्रॅहनने क्षमा मागितली ती शौर्याबद्दल, असं त्याने भासवलं. आतून त्याला फटके चुकवायचे होते. दोघेही दुसरंच बोलत आहेत हे मुलाला कळतं, कारण घरी काच फुटली की त्याने हाच संवाद ऐकलेला असतो.

तीनदा, आणि तिसऱ्यांदा वेगळं

स्ट्रॅहनने जयघोष तीन वेळा केला, असं आइव्ह्ज सांगतो. नौदलाची रीतच ती. पण मुलांच्या गोष्टीतही तीन हा आकडा अटळ असतो. दोनदा घडलं की सवय लागते, तिसऱ्यांदा ती मोडता येते. पहिल्या आरोळीला बुरुजावरचे शिपाई दचकतात. दुसऱ्या आरोळीला ते इकडेतिकडे बघतात, की याच्यामागे किती जण आहेत. तिसऱ्या आरोळीला स्ट्रॅहन स्वतःच मागे वळून बघतो, आणि मागे कुणीच नसतं. हे शेवटचं बघणं आइव्ह्जच्या पुस्तकात नाही. ते मी घातलं. खऱ्या घटनेला धक्का न लावता एवढी मोकळीक घ्यायला हरकत नसावी.

आवाज

मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांकडे आवाजाच्या शब्दांचं मोठं घबाड आहे. रवींद्रनाथांनी बंगालीतल्या अशा शब्दांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. चिखलात पचपच, खंदकात डुबुक, भिंतीवरून घसरताना सर्रर, आणि तलवार तुटताना खळ्ळ नव्हे, टण्ण. एवढं पुरे. सहा वर्षांच्या मुलापुढे वाचून दाखवायचं असेल तर याच जागा मुलं पुन्हा पुन्हा मागतात. छापील पानावर मात्र प्रत्येक ओळीत धडामधूम घातलं की कान किटतात. अनुप्रासाचंही तेच. बजबज हे नावच मुळात इतकं मुलांच्या तोंडचं आहे की आणखी ब जमवायची गरज नाही.

निर्जीवांना जीभ

चेतनगुणोक्ती फार स्वस्त झाली आहे. बालकथांमध्ये हल्ली पेन्सिलीपासून पंख्यापर्यंत सगळे बोलतात. बजबजच्या गोष्टीत एकाच वस्तूला बोलू द्यावं, माणिकचंदाच्या पगडीला. गोळी तिला चाटून गेली आहे, सकाळपासून ती ताणाखाली आहे, आणि दिवसभरात या लढाईतली सर्वांत शहाणी ती एकटी ठरली: धोका कळला आणि मालकाला घेऊन निघाली.

अतिशयोक्ती किती

शाळेत अतिशयोक्ती म्हटली की दमडीच्या तेलाची ओवी येते, आणि ती वाढत वाढत उंटापर्यंत जाते. चांगली अतिशयोक्ती अशीच पायरीपायरीने चढते. पण खऱ्या घटनेवरच्या विनोदी गोष्टीत तिचा उलटा भाऊ जास्त उपयोगी पडतो: मोठी गोष्ट लहान करून सांगणं. एकट्याने किल्ला घेणं हीच एवढी मोठी बाब की तिच्यावर आणखी मजले चढवले तर घर कोसळेल. स्ट्रॅहनने शंभर जणांना लोळवलं असं लिहिलं की तो सिनेमातला नायक होतो आणि हसू थांबतं. त्याने किल्ला घेतला, आणि मग जरा बसला, कारण दमला होता, असं लिहिलं की हसू येतं.

हसतंय कोण, आणि कुणाला

इथे गोष्ट अडचणीची होते, आणि टाळून चालणार नाही. ही हकिकत आइव्ह्जने इंग्रज वाचकांसाठी लिहिली. तीत बुरुजावरच्या शिपायांना चेहरा नाही. बजबजच्या एखाद्या शाळेत, किंवा पुण्यातल्या, ही गोष्ट सांगायची तर मुलं कुणाच्या बाजूने उभी राहणार? सहा महिन्यांनी, २३ जून १७५७ ला, प्लासी झाली. हा किल्ला त्या वाटेवरचा पहिला मुक्काम होता.

बंगालमध्ये मराठी माणसाने या बाबतीत विशेष जपून बोलावं. आपले पूर्वज तिथल्या बालसाहित्यात शिरले ते बागुलबुवा म्हणून. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण बंगाली अंगाईत आजही आहे. बाळ झोपतं आणि बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतात. १७४२ मध्ये कोलकात्याभोवती जो खंदक खणायला घेतला त्याचं नावच मराठा खंदक. तो पुरा झाला नाही, आणि पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला.

तेव्हा कोन बदलावा. निवेदन बुरुजावरच्या एका पहारेकऱ्याला द्यावं. दिवसभर तोफा ऐकून कान बसलेत. संध्याकाळी शांतता झाली आहे. हल्ला उद्या होणार हे शत्रूने ठरवलं आहे आणि शिष्टाचार पाळणारा कुणीही शत्रू ठरलेल्या वेळीच येतो, अशी त्याची समजूत आहे. अशा वेळी एक ओलाचिंब माणूस वर येतो, अगम्य भाषेत तीनदा ओरडतो, आणि किल्ला आपला म्हणतो. पहारेकऱ्याला कळत नाही की याला हाकलावं, पाणी विचारावं, की नोंदवहीत नाव लिहून घ्यावं. आता विनोद दोघांवर समान वाटला जातो, आणि खरं हसू होतं ते त्या बैठकीचं, जिथे हल्ला उद्यावर टाकला गेला. विनोदी बालकथेत हसू खालून वर जावं. वरून खाली आलं की त्याची चिडवाचिडवी होते, आणि ती मुलांना शिकवावी लागत नाही.

काय गाळायचं, काय झाकायचं

दोन गोष्टी उरतात. पहिली दारू. ग्रॉग म्हणजे पाणी घातलेली रम. अ‍ॅडमिरल व्हर्नन याने १७४० मध्ये हुकूम काढून खलाशांची रोजची अर्धा पाइंट रम, म्हणजे जवळजवळ पाव लिटर, पाणी घालून दोनदा द्यायची रीत पाडली. पाणी घातल्यावर हा प्रकार कसा असेल याची कल्पना स्ट्रॅहनवरून येते. सहा वर्षांच्या मुलांना हे सांगावं का? सांगायलाच हवं असं नाही. नाताळ आहे, जहाजावर मनुका घातलेलं पुडिंग शिजलं आहे, आणि स्ट्रॅहनने आपला वाटा खाऊन शेजाऱ्याचाही संपवला आहे, असं करता येतं. पुडिंगमधल्या मनुका कशात भिजवल्या होत्या ते लिहायचं नाही. न्यू मार्केटमधल्या १९०२ पासूनच्या नाहूमच्या बेकरीपुढे नाताळात रांग लावणाऱ्या आईबापांना ते बरोबर कळतं. मूल पोटाला हसतं, आईबाप मनुकांना हसतात. एकाच वाक्याला दोन वाचक असणं ही चांगल्या बालविनोदाची खूण आहे, कारण गोष्ट वाचून दाखवायची असते आणि वाचून दाखवणाराही कंटाळता कामा नये.

दुसरी गोष्ट झाकण्यासारखी नाही. त्या रात्रीच्या गोंधळात कॅप्टन कॅम्पबेल आपल्याच लोकांच्या गोळीने मारला गेला. विनोदी गोष्टीत त्याला जागा नाही. मी त्याला गाळेन, पण गाळल्याचं ओझं ठेवून. शौर्याचे ढोल वाजवणारं एकही वाक्य गोष्टीत येऊ देणार नाही, कारण ढोल वाजले की कॅम्पबेल, शिबंदीतले मेलेले, आणि पुढची प्लासी, सगळे दारात येऊन उभे राहतात. गोष्ट फजितीची राहिली तरच ती हलकी राहते.

गोष्ट कुठे थांबवायची

थांबायला तीन जागा आहेत. किल्ला पडला तिथे थांबलं तर ती विजयाची गोष्ट होते, म्हणजे रद्द. पुन्हा एकट्याने किल्ला घेणार नाही या पुटपुटण्यावर थांबलं तर सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी चोख. शिक्षा होणाऱ्याने शिक्षा करणाऱ्याला दिलेली ती धमकी आहे, आणि मुलं ती लगेच घरी वापरायला घेतात.

तिसरी जागा आइव्ह्जनेच पुढे नोंदवून ठेवली आहे. स्ट्रॅहन अ‍ॅडमिरल पोकॉकच्या लढायांमध्ये लढला, चॅटमच्या निधीतून त्याला निवृत्तिवेतन मिळालं, आणि त्याची सर्वांत मोठी महत्त्वाकांक्षा होती ती एखाद्या बड्या जहाजावर स्वयंपाकी होण्याची. त्या काळात हे काम बहुधा जखमी, थकलेल्या खलाशांना मिळे. खारवलेलं मांस मोठ्या हंड्यांत उकळायचं, वर आलेली चरबी काढून विकायची, पाककौशल्याचा फारसा संबंध नाही. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी हा शेवट मला जास्त आवडतो. किल्ला घेतलेल्या माणसाला किल्लेदार व्हायचं नव्हतं, हंड्याजवळ बसायचं होतं.

पण हा शेवट निवडला तर पहिल्या पानावर त्याची पेरणी करावी लागेल. रात्री भरकटण्याआधी स्ट्रॅहन जहाजाच्या स्वयंपाक्याभोवती घुटमळताना दिसला पाहिजे, झाकण उचलून वास घेताना, पळीने हात भाजताना. मग पुडिंगची बाबही आपोआप जागेवर बसते, आणि तो किल्ल्याकडे निघाला तो वाट चुकून की तिथल्या मुदपाकखान्याचा वास लागून, हे मुलांना ठरवू द्यावं.